जुन्या मॅटाडोरचे टायर तडकलेत आणि रिमा गंजल्यात. आधी टायर घ्यावेत की रिमा दुरुस्त कराव्यात? पुण्यात हे काम नीट कसं करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची मॅटाडोर दहा-बारा वर्षं वाड्याच्या मागे उभी होती, इंजिन आता चालू झालंय, पण टायरला भेगा आहेत, रिमांवर गंज आहे आणि कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचं म्हणणं आहे, "रिम चालेल, वर ट्यूबलेस टाकून देतो." हे काम घरी होईल का, असंही विचारलंय.

टायर आत्ता घेऊ नका. आधी पाचही रिमा, म्हणजे स्टेपनी धरून, रिकाम्या करा, घासा आणि दिवसाच्या उजेडात बघा. पाचातल्या किती रिमा कामाच्या आहेत हे कळल्यावरच टायरचा खर्च करा.

आमच्याकडेही मॅटाडोर आहे. बाबा तिच्यातून लग्नकार्याची भांडी पोहोचवायचे. आता ती वर्षभर कमी फिरते, पण आषाढात आमच्या दिंडीचं सामान तिच्यातूनच जातं. मॅटाडोर ही गाडी पुण्याजवळच्या आकुर्डीची. बजाज टेम्पोने 1969 मध्ये जर्मन टेम्पो कंपनीच्या आराखड्यावर ती बनवायला घेतली आणि तीच कंपनी 2005 पासून फोर्स मोटर्स झाली. पुण्यात तिचे हातखंडा मिस्त्री अजून सापडतात ते त्यामुळेच. चाकांचं काम मात्र मी बरंचसं स्वतः शिकलो, कारण एकदा ते दुसऱ्यावर सोडून दिलं आणि दिवे घाटात त्याचा हिशेब चुकवावा लागला. ते पुढे सांगतो.

रिम बघताना बाहेरच्या रंगाकडे जाऊ नका. स्टड म्हणजे ज्यांच्यावर चाकाचे नट आवळतात ते बोल्ट; त्यांच्या भोकांभोवतीचा पत्रा बघा. तारेच्या ब्रशने तो चकचकीत घासा, रॉकेलने पुसा, सुकू द्या, मग बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा. भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली तर ती भेग आहे. ती रिम भंगारात. कोणी कितीही छान वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी देऊ नका, कारण वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा तापून कमकुवत होतो आणि भेग पुन्हा तिथूनच चालू होते. भोकं गोल आहेत ना तेही बघा. नट ढिले ठेवून गाडी पळवली असेल तर भोकं लांबट होतात. अशा रिमला उपाय नाही. नंतर डिश, म्हणजे मधली तबकडी, आणि बाहेरचा गोल जिथे जोडलेत तो सांधा बघा. तिथे पाणी साचतं आणि गंज आतून पत्रा खातो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचा. पापुद्रे निघून खड्डा पडला तर ती रिमही गेली. वरवरचा तपकिरी गंज असेल तर काही बिघडलेलं नाही.

काठ वाकलेला असेल तर दुरुस्त होतो. लोखंडी रिम आहे, थंडपणे सरळ करता येते, पण मशीनवर, रोलर किंवा प्रेस लावून. गॅसने लाल करून घणाने ठोकणारे टाळा. रिम सरळ फिरते का हे घरी तपासणं सोपं आहे. चाक हबवर, म्हणजे स्टड असलेल्या मधल्या भागावर, बसवा, जॅकवर उचला, एका विटेला खिळा बांधून त्याचं टोक रिमच्या काठाजवळ आणा आणि चाक हळूहळू फिरवा. टोक आणि काठ यांतलं अंतर कुठे कमी-जास्त होतं ते डोळ्याला दिसतं. साधारण दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्यापेक्षा जास्त असेल तर ती रिम मशीनवर पाठवतो. उचलताना एक ध्यानात ठेवा: हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर मागची बाजू उचलल्यावर तो गाडीला अडवत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

बदली रिम हवी असेल तर नाना पेठेत विचारा, नाहीतर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. जाताना आपली एक रिम सोबत न्या. नेता आली नाही तर मापं लिहून न्या: भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास, रुंदी, आणि डिश काठापासून किती आत आहे ते. पाच भोकांच्या रिमचं वर्तुळ मोजायची एक युक्ती आहे. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजा आणि त्याला 1.701 ने गुणा. सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांतलं अंतर हाच व्यास. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने "बसतीय की" म्हणून घेऊ नका. ती बसते, पण स्टडवर कायमचा ताण ठेवून बसते.

आता दिवे घाट. मी रिमा भोसरीत वाळू मारून स्वच्छ करून घेतल्या आणि पावडर कोटिंग करून घेतलं. फार सुंदर दिसत होत्या. कोटिंग करणाऱ्याने सगळीकडे सारखा थर दिला, नट जिथे बसतात त्या निमुळत्या खळग्यांतही आणि डिश हबला टेकते त्या सपाट भागावरही. झाकायचं मी सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं. हडपसरहून भांडी भरून निघालो, घाट चढून वर आलो तेव्हा मागून ठक-ठक आवाज यायला लागला. उतरून बघतो तर मागच्या डाव्या चाकाचे तीन नट हाताने फिरत होते. नट आवळला तेव्हा तो लोखंडावर नाही, रंगावर आवळला गेला होता. ओझं आणि उष्णतेने तो रंग चेपला, जागा झाली, नट सैल झाले. त्या रिमची भोकं तोवर लांबट झाली होती, ती टाकावी लागली. घाट उतरताना हे झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून कोटिंगला देताना लेखी सांगा: नटांचे खळगे आणि हबला टेकणारा भाग टेप लावून कोरा ठेवायचा. त्यावर फार तर प्रायमरचा एक पातळ हात. घरी रंगवणार असाल तर घासून, गंजरोधक प्रायमर लावून साधा इनॅमलही पुरतो. आतल्या बाजूला, जिथे ट्यूब टेकते, तिथे खरबरीत काहीही राहू देऊ नका. नट आवळताना एक झाला की समोरचा, असे आडवे-तिडवे आवळा, आधी सगळे हलके, मग चाक जमिनीवर टेकवून घट्ट. आट्यांना ग्रीस फासू नका, आवळण्याचा अंदाज चुकतो. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. नट निघत नसेल तर लांब पाइप लावण्याआधी स्टडच्या टोकाला आटे कोणत्या दिशेने फिरलेत ते बघा. आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासा.

ट्यूबलेसबद्दल तुमच्या टायरवाल्याचा सल्ला मानू नका. ट्यूबलेस टायरच्या रिमला आतून, काठाजवळ, गोल उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कडा त्यावर अडून जागेवर राहते. जुन्या ट्यूबच्या रिमला हा उंचवटा बहुधा नसतो. वळणावर हवा कमी असेल तर कडा सरकते आणि सगळी हवा एका क्षणात जाते. रिव्हेट मारलेली रिम असेल तर हवा रिव्हेटमधूनही गळते. तुमच्या रिमला उंचवटा नसेल तर ट्यूब घालूनच चालवा, आणि टायर रेडियल असेल तर ट्यूबही रेडियलसाठीची घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची वेळ आली तर आतून हात फिरवा. बारीक कंगोरे किंवा कागदी लेबल असेल तर ते ट्यूबला घासून घासून भोक पाडतं. लेबल काढा, आणि आतून शंखजिऱ्याची पावडर टाका.

टायर निवडताना मापाइतकाच वजनाचा आकडा महत्त्वाचा. व्हॅनचं एक सर्रास मिळणारं माप उदाहरणाला घेतो, 185 आर 14 सी. तुमच्या गाडीचं माप तेच असेल असं नाही, जुन्या टायरवरून आणि रिमवरून ते वाचा. या टायरच्या आठ प्लायच्या प्रकारावर 102/100 असा आकडा असतो. 102 म्हणजे एका टायरवर 850 किलो. त्याच 14 इंची रिमवर कारचा 185/70 आर 14 चढतो, स्वस्त पडतो, दुकानदार आनंदाने देतो, पण त्यावर 88 असतं, म्हणजे 560 किलो. शिवाय तो सुमारे 35 मिलिमीटर बुटका, त्यामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. रिकामी गाडी त्यावर चालेल, भरलेली घाटात तापेल आणि टायर फुटेल.

तारीख टायरवरच असते. डी-ओ-टी या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा. नक्षी कितीही ताजी असो, दहा वर्षांवरचा टायर मी रस्त्यावर आणत नाही, आणि "नवा, पण जुना स्टॉक" घेण्याआधी हे चार आकडे स्वतः वाचतो. तुमचे भेगा पडलेले टायर गाडी अंगणात हलवण्यापुरते ठेवा. एका अॅक्सलवर रेडियल आणि साधा टायर मिसळू नका; चारही एकसारखे घेणं सर्वांत बरं. मॅटाडोरला पुढच्या चाकांची ओढ आहे, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. ते वेळोवेळी मागे-पुढे करा.

घरी चढवता येतात का? येतात, पण अंगमेहनत आहे आणि दोन माणसं हवीत. एक गोष्ट मात्र आधी: रिमला काढता येणारी लोखंडी रिंग असेल तर हात लावू नका. ती हवा भरताना सुटली तर माणूस मरतो. ते काम लोखंडी पिंजरा असलेल्या ट्रकच्या टायरवाल्याकडेच. एकसंध रिम असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. कडा रिमपासून सुटी करा, साबणाचं पाणी भरपूर लावा. ऑइल, ग्रीस, पेट्रोल नको, रबर खराब होतं. सगळी मेख रिमच्या मधल्या खोलगट चरात आहे. टामी, म्हणजे टायर काढायची लोखंडी पट्टी, एका बाजूला लावली की समोरच्या बाजूची कडा गुडघ्याने दाबून त्या चरात उतरवा, म्हणजे इकडे ढिलाई मिळते. ती उतरली नसेल तर तुम्ही टामीवर उभे राहिलात तरी टायर येणार नाही, उलट टायरच्या कडेतली तार तुटेल. काढताना व्हॉल्व्हजवळून सुरुवात करा; चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा ठेवा, नाहीतर टामीखाली चिमटा बसतो आणि नवी ट्यूब तिथेच पंक्चर होते.

कडा जागेवर बसवताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नका. बसत नसेल तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. चाकावर वाकून उभे राहू नका. बसल्यावर एकदा सगळी हवा सोडून पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या मोडतात. मग गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेली हवा, टायर थंड असताना. पंपावरची मुलं सवयीने सगळ्यांना तीसच भरतात. भरलेल्या व्हॅनला मागे ती कमी पडते.

मी स्वतः आता रिमा घरी तपासतो, नट घरी आवळतो, पण टायर चढवणं आणि बॅलन्सिंग मशीनवरच करून घेतो, समोर उभा राहून. तुम्हीही तसंच करा असं सुचवेन. रिमा घासून झाल्या की भोकांचे जवळून काढलेले फोटो टाका, कोणती ठेवायची ते सांगतो.