सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोस्प्लानच्या, म्हणजे सोव्हिएत सरकारच्या नियोजन मंडळाच्या, बड्या अधिकाऱ्यांचं काय झालं? बाजारपेठेच्या रशियात त्यांचा काही उपयोग झाला का?

सगळ्यांचं सांगत बसत नाही, एकाच माणसाबद्दल लिहितो: युरी मास्ल्युकोव. 1998 च्या आर्थिक संकटातून रशिया सावरला, त्याचं श्रेय वाटताना हे नाव हमखास गाळलं जातं आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

जन्म 1937 चा, ताजिकिस्तानातल्या लेनिनाबादचा. शिक्षण लेनिनग्राडला, यंत्र अभियांत्रिकीचं. नोकरीची पहिली वर्षं इझेव्स्क या शस्त्रं बनवणाऱ्या शहरात गेली. तिथून संरक्षण उद्योग मंत्रालय, 1982 मध्ये गोस्प्लानचं पहिलं उपाध्यक्षपद, मग लष्करी-औद्योगिक आयोग आणि 1988 मध्ये थेट गोस्प्लानचं अध्यक्षपद. पुढच्या वर्षी पॉलिटब्यूरोचं, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचं, पूर्ण सदस्यत्वही मिळालं.

गोस्प्लानचं काम म्हणजे ताळेबंद जुळवणं. पोलादाचंच घ्या. एका बाजूला वर्षभरात किती बनेल, साठा किती, आयात किती. दुसऱ्या बाजूला कोणत्या मंत्रालयाला किती हवं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, की कुणाची तरी मागणी कापायची, नाहीतर कारखान्याचं लक्ष्य वाढवायचं. लक्ष्य वाढवलं की कोळसा आणि वीज जास्त लागते, म्हणजे त्यांचे ताळेबंद पुन्हा मांडायचे. असे सुमारे 2,000 ताळेबंद एकट्या गोस्प्लानकडे असत.

मास्ल्युकोव खुर्चीवर बसले तेव्हा हे सगळं विस्कटत चाललं होतं. अर्थसंकल्पातली तूट नोटा छापून भरली जात होती. लोकांच्या हातात रूबल होते, पण दुकानांची फडताळं रिकामी. साखरेसाठी कुपनं लागत होती. माल नसताना पैसा ओतला की काय होतं, हे त्यांनी सर्वांत वरच्या जागेवरून पाहिलं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे.

1995 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षातर्फे दूमात, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, निवडून आले. दूमा भरते ती ओखोत्नी र्‍यादवरची इमारत पूर्वी गोस्प्लानचीच होती. म्हणजे जिथे अध्यक्ष म्हणून बसत, तिथेच ते खासदार म्हणून परतले आणि आर्थिक धोरण समितीचे प्रमुख झाले. जुलै 1998 मध्ये पक्षाची नाराजी पत्करून पंतप्रधान किरियेन्को यांच्या सरकारात उद्योग आणि व्यापार मंत्री झाले.

महिन्याभरातच, 17 ऑगस्टला, सरकारने कर्जफेड थांबवली आणि रूबल गडगडला. डॉलरला सहाच्या आसपास असलेला भाव काही आठवड्यांत वीसच्या पुढे गेला. सप्टेंबरमध्ये प्रिमाकोव पंतप्रधान झाले आणि अर्थव्यवस्था त्यांनी पहिले उपपंतप्रधान म्हणून मास्ल्युकोव यांच्याकडे सोपवली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांना वाटलं, आता किमतींवर नियंत्रणं येणार आणि नोटांचा कारखाना सुरू होणार. सुरुवातीच्या मसुद्यांत तशा कल्पना होत्याही. प्रत्यक्षात या सरकारने 1999 साठी काटकसरीचा अर्थसंकल्प मांडला, कम्युनिस्टांचं वजन असलेल्या दूमाकडून तो मंजूर करून घेतला, नाणेनिधीशी बोलणी चालू ठेवली आणि थकलेले पगार व पेन्शन द्यायला सुरुवात केली. हाच अर्थसंकल्प एखाद्या उदारमतवादी मंत्र्याने आणला असता, तर दूमाने तो बहुधा फाडला असता. मास्ल्युकोव तो आपल्याच माणसांच्या गळी उतरवू शकले.

रूबल स्वस्त झाल्याने आयात महागली, देशी कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि 1999 मध्ये तेलाचा भावही चढला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तूट आवरली नसती, तर हा फायदा महागाईने गिळला असता. 1998 मध्ये सुमारे 84 टक्के असलेली महागाई 1999 मध्ये 36 टक्क्यांच्या आसपास आली आणि त्याच वर्षी उत्पादन सहा टक्क्यांहून अधिक वाढलं.

12 मे 1999 रोजी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी हे सरकार बरखास्त केलं. कारणं राजकीय होती. प्रिमाकोव लोकप्रिय होत चालले होते आणि दूमात येल्त्सिन यांच्यावरच्या महाभियोगाची तयारी सुरू होती. मास्ल्युकोव त्याच वर्षाच्या अखेरीस दूमात परतले, उद्योगविषयक समितीचं काम करत राहिले आणि एप्रिल 2010 मध्ये निधन झालं तेव्हाही खासदारच होते.