पाळी चालू असताना हाडं ठिसूळ निघाली तर कोणत्या तपासण्या?

वहिनींचं वय ४४, पाळी नियमित, मणक्याचा झेड-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.६, आणि 'वयामुळे होतं' म्हणून नुसतं कॅल्शियम सुरू केलंय; पुढे काही तपासावं का, असं तुम्ही विचारलंय. तपासाच. पाळी चालू असताना डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत) तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा टी-स्कोअर नाही, झेड-स्कोअर बघतात. तो समवयस्कांशी तुलना करतो, त्यामुळे उणे २ किंवा त्याखाली गेला की वयावर खापर फोडता येत नाही.

कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) एकाच वेळच्या रक्तातून करा, कारण हे आकडे सुटे वाचले की फसगत होते. कॅल्शियम १०.९ आणि पीटीएच ५५ असेल तर लॅब पीटीएचपुढे 'नॉर्मल' छापते. पण कॅल्शियम चढलं की पीटीएच दबायला हवं. ते दबलं नाही म्हणजे पॅराथायरॉइडच्या गाठीचा संशय. मुतखडा होऊन गेलाय का तेही विचारा. उलट कॅल्शियम कमी किंवा बेताचं, डी ८-१० आणि पीटीएच वाढलेलं असेल तर आधी डी भरून काढायचं. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज जास्त, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही, असं असेल तर ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार. हाडं मऊ पडलीत की ठिसूळ झालीत हा फरक डेक्साला कळत नाही. अशा पेशंटला थेट हाडांच्या ठिसूळपणावरचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दिलं तर कॅल्शियम घसरून हातापायांत मुंग्या, पेटके येतात.

पीटीएच वाढलेलं दिसलं की लगेच मानेचा स्कॅन करायची घाई नको. गाठ कुठे आहे हे स्कॅन दाखवतो. आजार आहे की नाही ते रक्तावरूनच ठरतं.

थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी बघा, ०.१ च्या खाली असेल तर डोस बहुधा जास्त होतोय. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नसेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडवणाऱ्या सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी आणि सोबत एकूण आयजीए. मात्र रक्त देण्याआधी पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. पाठदुखी, रक्तक्षय आणि चढलेला ईएसआर एकत्र दिसले तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठीची तपासणी). स्तनाच्या कर्करोगाचं लेट्रोझोल, फिटची फेनिटॉइन, तीन महिन्यांहून जास्त घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ही हाडं झिजवणारी औषधं विचारून घ्याच. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही त्यात धरा, कित्येकींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

केसांसाठी बायोटिन घेत असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद. त्याने टीएसएच आणि पीटीएच दोन्ही खोटे कमी दिसू शकतात.