वाळूची बातमी लावण्याआधी

भाऊ, गिरणा नदीतल्या वाळूउपशाची बातमी करतोयस, कर. पण आधी तलाठ्याचा पंचनामा, लिलावाचा आदेश हाती घे. नसेल मिळत तर माहिती अधिकारात अर्ज टाक, ३० दिवस गेले तरी चालतील. राज्यघटनेचं कलम १९(१), म्हणजे बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य, पाठीशी आहे, पण १९(२) मधल्या निर्बंधांत बदनामीही बसलीये. ठेकेदाराचं म्हणणं घे. नाही बोलला तर तसं छाप.

वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलची धास्ती नको. १९७८च्या कायद्याने ती समज देते, ताशेरे ओढते, दंड नाही. तुझं यूट्यूब चॅनल तर तिच्या कक्षेतच नाही. त्याला डिजिटल माध्यमांसाठीचे २०२१चे आयटी नियम. अंगावर कुणी आलं, तर फिर्यादीत २०१७चा महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा लावायला सांग, पोलीस आपणहून सहसा लावत नाहीत. आणि दिवाळी अंकाची जाहिरात त्याच ठेकेदाराकडे मागू नको रे बाबा!