गेम आवडेनासा झाला, म्हणजे माझं काही बिघडलंय का?

गेमिंगबद्दल समुपदेशकाकडे येणाऱ्या पालकांची तक्रार ठरलेली असते: मूल गेम सोडत नाही. पण नेमकी उलटी चिंता घेऊन येणारी मोठी माणसंही मला आता बरीच भेटतात. "पूर्वी गेम उघडला की वेळेचं भान राहायचं नाही. आता लॉगिन करतो, इकडेतिकडे फिरतो, मन लागत नाही. आणि तरी बंद करवत नाही. माझं काही बिघडलंय का?" हे विचारताना ती संकोचतात, कारण आजूबाजूचे सगळे 'बरंच झालं की, सुटला एकदाचा' असं म्हणून मोकळे होतात. ज्याला आपली आवडती गोष्ट परकी वाटू लागली आहे, त्याला या उत्तराचा काहीच उपयोग नसतो.

अशाच एका तरुणाबद्दल लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशीला टेकलेला, नोकरी करणारा मुलगा. कॉलेजपासून एकच मोठा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळत आलेला, गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, हीलरची, म्हणजे इतरांच्या जखमा भरून त्यांना जिवंत ठेवण्याची जबाबदारी. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, मला गेमिंगचं व्यसन लागलंय." थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "आणि खरं सांगू का, मला तो गेम आता आवडतही नाही."

व्यसन हा शब्द त्याने इंटरनेटवरच्या चाचण्या सोडवून स्वतःच स्वतःला लावला होता. म्हणून आधी तो बाजूला ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे हे खरं. पण तिथे तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडत जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं किंवा वाढवणं, असं तिन्ही मिळून साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं आणि त्याने घर, नोकरी, शिक्षण, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो. याची नोकरी नीट चालू होती. बहिणीकडे नियमित जाणं होतं. झोप मात्र उशिरा. नुसतं 'रोज चार तास खेळतो' एवढ्यावर निदान होत नाही, हे ऐकून त्याचे खांदे जरा सैल पडले.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटत होती. आवडत्या गोष्टीतली गोडी जाणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण आहे. म्हणून मी गेम सोडून बाकी सगळ्याबद्दल विचारलं. जेवावंसं वाटतं का? जुने मित्र भेटले तर हसू येतं का? सकाळी उठताना दिवस नकोसा वाटतो का? ज्यांची गोडी सगळ्यातूनच गेली आहे, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, त्यांनी छंद शोधत बसू नये, थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. या मुलाचं तसं नव्हतं. चित्रपट, बहिणीच्या मुलांबरोबरची दंगामस्ती, ऑफिसातल्या गप्पा यांत तो रमत होता. गोडी गेली होती ती फक्त गेमची.

मग मी त्याला एक साधं काम दिलं. गेममध्ये काय केलं आणि ते करताना कसं वाटलं, एवढंच एका ओळीत लिहायचं. खेळणं कमी करायला सांगितलं नाही.

पुढच्या भेटीत आणलेली वही वाचताना आम्हा दोघांनाही चित्र स्पष्ट दिसलं. संध्याकाळचे पहिले दोन-अडीच तास 'डेली'त जायचे: रोजची ठरलेली कामं, लॉगिनचं बक्षीस, आठवड्याची मर्यादा भरणं, सीझन पासची, म्हणजे ठरावीक काळात पायरीपायरीने मिळणाऱ्या बक्षिसांची, पुढची पायरी. त्या ओळींसमोर त्याने लिहिलं होतं: 'उरकलं', 'उरकलं', 'राहिलं, उद्या डबल'. आणि आठवड्यातून एकदा होणाऱ्या रेडसमोर, म्हणजे सगळ्या गटाने मिळून मोठ्या शत्रूवर केलेल्या चढाईसमोर, लिहिलं होतं: 'मजा आली. शेवटी सगळे ओरडत होतो.'

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग मी त्याला सांगितला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर ज्यांना बक्षिसाचा वायदा केला होता ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. आवडीच्या गोष्टीला 'हे केलंस तर ते मिळेल' ही अट चिकटली की आवड मागे सरते आणि अट पुढे येते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला गेमचा कंटाळा नाही आलेला. मला हजेरीचा कंटाळा आलाय."

हे त्याचं वाक्य, माझं नाही. गेम बनवणाऱ्यांना खेळाडू रोज परत यायला हवा असतो, त्यामुळे हजेरीची अशी यंत्रणा आज बहुतेक ऑनलाइन गेममध्ये असते. मागे पडण्याची भीती हे त्या यंत्रणेचं इंधन. ज्याने वर्षानुवर्षं एक पात्र घडवलं आहे त्याला 'सोडून दे' म्हणणं सोपं, पण आतापर्यंत घातलेला वेळ माणसाला धरून ठेवतो. पुढे काही मिळणार नाही हे कळत असूनही, आधी घातलं म्हणून आपण आणखी घालत राहतो.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, ती बोलता बोलता निघाली. त्यांच्या गिल्डचा टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा खेळाडू, वर्षभरापूर्वी बाळ झाल्यावर खेळणं सोडून गेला होता. पाठोपाठ आणखी दोघं. हा ज्या चार-पाच जणांसाठी लॉगिन करायचा, त्यातले निम्म्याहून जास्त आता तिथे नव्हते. त्यांच्यापैकी कुणालाही तो प्रत्यक्ष भेटलेला नाही, म्हणून त्याला त्यांच्या जाण्याचं दुःख करायची लाज वाटत होती. मी त्याला म्हटलं, रोज रात्री ज्यांचा आवाज कानात असायचा ती माणसं गेली, तर वाईट वाटणारच. ऑनलाइन मैत्री तुटण्याचं दुःख आपल्याकडे कुणी मोजत नाही, आणि मला वाटतं समुपदेशकांनी तरी ते मोजायला हवं.

आम्ही दोन आठवड्यांचा एक करार केला. डेली पूर्ण बंद, गेमच्या सूचना बंद, रेड मात्र चालू. पहिले तीन-चार दिवस त्याला चैन पडलं नाही, दिवसातून कितीदा तरी हात फोनकडे जायचा. मग ती बेचैनी ओसरली, आणि रेडची संध्याकाळ सोडली तर लॉगिन करावंसं त्याला फारसं वाटलंच नाही. तो घाबरून म्हणाला, "मग उरलेल्या वेळेत मी कोण आहे?"

या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही. रायन आणि डेसी या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन गरजा मांडल्या आहेत: आपल्या मर्जीने काही करता यावं, काहीतरी चांगलं जमावं आणि कुणाशी तरी नातं असावं. गेम इतके खेचतात, कारण ते या तिन्ही गरजा एकाच वेळी भागवू शकतात. म्हणून गेम कमी करणाऱ्याला 'काहीतरी दुसरं कर' हे अपुरं पडतं. त्याच्या कोणत्या गरजेची जागा रिकामी झाली ते पाहावं लागतं.

लोकर त्याच्या आयुष्यात माझ्या सल्ल्याने आली नाही. बहिणीकडे क्रोशाची सुई होती आणि याच्या मनात गेममधला एक छोटा प्राणी होता, जो इतकी वर्षं त्याच्या पात्रामागे उड्या मारत फिरायचा. तो आपल्याला विणता येईल का, एवढीच कल्पना. क्रोशाने विणलेल्या अशा छोट्या बाहुल्यांना आणि प्राण्यांना जपानी भाषेत आमिगुरुमी म्हणतात, हे त्याने मला सांगितलं. मग सगळी कृतीच सांगितली: सुरुवातीच्या फासात सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, मग चोवीस. फेरीच्या पहिल्या टाक्याला खुणेची पिन नाही लावली तर मोजणी हातातून जाते. त्याचं पहिलं डोकं गोल न होता षट्कोनी झालं, कारण वाढीचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक येत होते. वीण सैल होती म्हणून आतला कापूस दिसत होता. त्याने बारीक सुई घेतली, आणि ते सगळं उसवून पुन्हा सुरू केलं.

मी त्याला इथे थांबवलं. उसवताना राग आला का, असं विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "रेडमध्ये एका बॉसवर आम्ही रात्रभर वाइप होतो मॅडम, म्हणजे सगळेच्या सगळे मरतो. काय चुकलं ते बघायचं आणि परत जायचं."

त्याआधी महिनाभर तो मला सांगत होता की गेममधली वर्षं वाया गेली. एकूण खेळलेला वेळ दाखवणारा आकडा त्याने एकदा उघडून पाहिला होता आणि तो त्याला रात्री छळायचा. आता त्याच्या हातात उलगडलेली लोकर होती आणि न चिडता तिसऱ्यांदा मोजायची सवय त्याने त्याच वर्षांतून आणली होती. मी त्याला ते म्हणून दाखवलं. गेमची गोडी कमी झाली म्हणून मागचा आनंद खोटा ठरत नाही. जे आपल्याला एकेकाळी खरंच आवडलं, त्याचा धिक्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं अनेकांना वाटतं, आणि त्या धिक्कारातच ते अडकून बसतात.

घरच्यांसाठी दोन शब्द. या मुलाने विणायला घेतल्यावर वडील आनंदाने म्हणाले, "चला, ते फालतू खूळ गेलं." त्या आठवड्यात त्याने सुईला हात लावला नाही आणि रोज डेली केल्या. आपलं माणूस बदलत असेल तर त्याच्या जुन्या आवडीवर विजय साजरा करू नका. काय विणतोयस, असं विचारलंत तरी खूप झालं.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या प्रवासात सर्वात मोलाचं वाटतं. दोन-तीन महिन्यांत त्याच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकर जमली. पूर्ण केलेल्या प्राण्यांची यादी आली, रोज विणण्याची 'स्ट्रीक', म्हणजे खंड न पडलेल्या दिवसांची मोजणी, आली, फोटोंवरचे लाइक मोजणं आलं. एका भेटीत दमलेल्या आवाजात म्हणाला, "काल विणायचा कंटाळा आला होता. पण स्ट्रीक तुटली असती म्हणून दोन फेऱ्या उरकल्या." 'उरकल्या' हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला आणि तो स्वतःच थबकला. त्याने बॅगेतून जुनी वही काढली, पहिली पानं मला दाखवली.

हजेरीची सवय माणूस एका छंदातून दुसऱ्या छंदात अलगद घेऊन जातो. छंद हातांनी करायचा आहे, स्क्रीनशिवाय आहे, एवढ्याने तो आपोआप निरोगी होत नाही. मी त्याला विचारलं, कुणाला दाखवायचं नाही असं काही विणशील का? त्याने एक साधा चौकोन घेतला. साखळी, खांब, परत साखळी. त्याचा फोटो नाही, नोंद नाही, तो कशासाठी आहे तेही ठरलेलं नाही. स्ट्रीकचं ॲप त्याने त्याच रात्री काढून टाकलं.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगते, कारण ती हमखास सुटते. गेम खेळून थकलेल्या मनगटाला क्रोशा विश्रांती देत नाही. पकड आणि तीच ती हालचाल दोन्हीकडे आहे. याचा अंगठा दुखायला लागला तेव्हा तो 'माऊस सोडलाय तरी कसं काय' म्हणत होता. मध्ये मध्ये थांबायचं, सुई घट्ट आवळायची नाही, आणि दुखणं राहिलं किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवायचं.

गिल्डमध्ये त्याने तो प्राणी दाखवला तेव्हा थट्टा होईल अशी त्याची खात्री होती. एका खेळाडूने लगेच लिहिलं की रेड सुरू व्हायची वाट बघताना ती स्वतः कायम विणत असते. दुसऱ्या काहींनी मागणी केली: आम्हाला करून दे, पैसे देतो. त्याला मोह झाला. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. विकणं वाईट असं मी म्हटलं नाही, अनेकांना ते जमतं आणि आवडतंही. पण याचा स्वभाव आम्हाला दोघांना आता ठाऊक होता. त्याने ऑर्डर घेतल्या नाहीत. ज्यांना शिकायचं आहे त्यांना रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवतो म्हणाला. तिघं आले. त्यातला एक तो जुना टँक, ज्याने खेळणं सोडलं होतं.

गेल्या भेटीत त्याने विचारलं, "गेमचं नवं एक्सपान्शन, म्हणजे पुढचा भाग, येतंय. घेऊ का?" मी विचारलं, कोणाबरोबर खेळणार, आणि डेली वजा केल्या तर त्यातलं काय करायची इच्छा आहे? त्याने दोन नावं सांगितली. नवा नकाशा नुसता फिरून बघायचाय म्हणाला. पहिल्याच दिवशी घेण्याची त्याला घाई नव्हती. आधी त्या दोघांना विचारतो, ते येणार असतील तर घेतो, असं म्हणून त्याने पुढच्या महिन्याची वेळ ठरवली.