भूगोल शिकवायला पॉवरपॉइंट बरं, कॅन्व्हा बरं, की देणगीतून इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळवावं?

पॅनेलचं सोडा. ज्या वर्गातला पंख्याचा रेग्युलेटर दोन-दोन वर्षं दुरुस्त होत नाही, तिथं पॅनेल बिघडल्यावर कोण बघणार? पॉवरपॉइंट आणि कॅन्व्हात फरक फक्त सजावटीचा, हाताला बसलंय ते वापरा. तुम्हाला दाखवायचंय काय, हे मात्र प्रश्नात कुठंच नाही. माझं सगळं भांडण तिथंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यात नदीकाठच्या शाळेत मी भूगोल-विज्ञान शिकवायचे. आमच्याकडं जुलै उजाडला की पोरं पाढ्यांसारखी पातळी म्हणतात : पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ च्या पुरानंतर तर पहिलीतल्यांनाही पाठ. त्यात राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे. ‘तिसरा उघडला’ असा मेसेज आला की अर्धा वर्ग खिडकीकडं तोंड करून. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, रात्रीचं दरवाजा उघडाय कोण जातंय ओ?"

कुणीच जात नाही. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की तो आपला आपण उघडतो, उतरलं की मिटतो. हे मी फळ्यावर काढून बघितलं. चारदा पुसलं. उभ्या दरवाजाचं चित्र जमलं, आडव्याचंही जमलं, पण मधलं काही जमेना. समजायचं होतं ते सगळं त्या मधल्यातच.

मग रविवारी तेलाचा पंधरा किलोचा डबा घेतला, एक बाजू कापली. तिथं पत्र्याची झडप, आडवी सायकलची तार घालून बसवली. तार तळापासून साडेतीन सेंटिमीटरवर. पाण्याचा एकूण दाब पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशावर, तळापासून मोजून, एकवटल्यासारखा लागतो, म्हणजे पाणी साडेदहाच्या वर गेलं की तो तारेच्या वर सरकतो आणि झडप कलंडते. (धरणातला दरवाजा हुबेहूब असाच असतो असा दावा नाही. पाणीच दार उघडतं, एवढंच दाखवायचं होतं.) गळती एम-सीलनं बुजवली. तीनदा.

वर्गात डबा नेला, पाणी ओतलं, आणि झडप क्षणात कलंडली. पहिल्या बाकाशिवाय कुणाला काही दिसलं नाही, तेही भिजले. म्हणून घरी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. चाळीस सेकंद. संगीत नाही, अक्षर नाही. पाणी काठाला टेकलं की व्हिडिओ थांबवायचा, "आता काय होईल?" विचारायचं, सगळ्यांचं बोलून झालं की चालू करायचा.

आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांना हे पटलं नाही. "खाली मजकूर हवा, पोरांनी उतरवून काय घ्यायचं?" केंद्रप्रमुख येणार म्हणून मीही मान तुकवली, चार ओळी टाकल्या, वर त्याच मोठ्यानं वाचल्या. पोरांनी माना खाली घालून त्या ओळी उतरवल्या. झडप कलंडली तेव्हा वर्गात बघणारी मी एकटी. शाबासकी मिळाली ती मजकुराला.

रिचर्ड मेयर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर प्रयोगांमागून प्रयोग केलेत. चित्र चालू असताना तेच वाक्य बोलायचं आणि तेच पडद्यावर लिहायचं, यानं शिकणं कमी होतं, असं त्याचं म्हणणं. मला हे नाव तेव्हा ठाऊक असतं तर त्या दुपारी चहा गार होईपर्यंत भांडले असते.

तर, हलणारी गोष्ट असेल तरच व्हिडिओ. न हलणाऱ्याला फळा पुरतो, आणि नकाशा तर तुम्ही काढताना पोरांनी बघावा : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकेक करत पंचगंगेत आणा, सरस्वती गुप्त म्हणून तुटक रेघेनं. गणिताला जिओजेब्रा (आकृत्या-आलेख हलवून बघायचं सॉफ्टवेअर), विज्ञानाला फेट (PhET, पडद्यावर करून बघायचे प्रयोग). दोन्ही फुकट, आणि फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आधी उतरवून ठेवली की नेट लागत नाही. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आदल्या रात्री स्वतः उघडून बघा, वर्गात पहिल्यांदा नको.

हो, एक राहिलं. वर्गात ऐकायला कमी येणारं मूल असेल किंवा मराठी नवी असलेलं, ऊसतोड मजुरांची येतात तसं, तर अक्षरं लागतात. तिथं मेयरबिअर बाजूला ठेवा. सरांचं तेवढं बरोबर होतं, पण त्यांनी हे कारण कधी दिलं नाही.

मध्यंतरी रंकाळ्यावर फिरताना भेटले. निवृत्त झालेत. नातवाला दाखवायचाय म्हणून तो व्हिडिओ मागितला. घरी आल्या आल्या पाठवला. रात्री उत्तर आलं : "छान. खाली मजकूर दिसत नाही?"