खरेदी विभागात नवीन आहेस? आधी उचलीचं विचार

आपल्या रबाळे-महापे पट्ट्यात पुरवठादाराकडून ‘आमच्याकडे वेठबिगारी नाही’ अशी सही घेतात आणि फाइल बंद करतात. तू तिथे थांबू नकोस. ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या, ३.६ कोटी पौंड किंवा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथल्या २०१५च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने, वेठबिगारी रोखायला काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढावं लागतं, म्हणून त्यांची प्रश्नावली आपल्याकडे येते. उत्तरं मात्र भिवंडीच्या गोदामात, वीटभट्टीवर मिळतात.

तिथे उचलीचं, म्हणजे मजुराने आगाऊ घेतलेल्या पैशांचं विचार. किती घेतली, कशी फिटते, वही कोणाकडे? फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल तर ती वेठबिगारीच. १९७६च्या कायद्याने ते कर्जच रद्द होतं. किमान वेतनाहून कमी मजुरी हीसुद्धा वेठच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलंय. मुकादमासमोर कोणी तोंड उघडणार नाही. मजुरांची भाषा येणारं माणूस सोबत ने, बाहेर टपरीवर बोल. आधार कार्डं कोणाच्या कपाटात आहेत, तेही बघ.

काही सापडलं तर कंत्राट तडकाफडकी तोडू नकोस. त्यात मजूरच रस्त्यावर येतात. मजुरांशी बोलून जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार दे, मुक्ततेचा दाखला हातात पडेपर्यंत मागे लाग. आणि आपण देतो त्या दरात किमान वेतन बसतं का, हा हिशोब तू स्वतः मांड. बहुतेक जण तो टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.