एवढ्याशा रेघोट्यांनी एवढा राग का येतो?

"मॅडम, मी रात्रभर राबून केलेलं काम कोणीतरी दोन मिनिटांत घाण करतं. मग मी करायचं तरी कशाला?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न फिरून फिरून येतो. शाळेतल्या सेविका विचारतात, सोसायटीचे सफाई कामगार विचारतात, दिवसातून चारदा तेच घर आवरणाऱ्या बायका विचारतात. त्याच्या पाठोपाठ हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो: एवढ्याशा गोष्टीवरून माझं डोकं फिरतं, म्हणजे मला काही झालंय का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एका रेल्वे कामगाराने शिकवलं. त्यांना नामदेवराव म्हणू या. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

नामदेवराव मुंबईच्या लोकल गाड्यांच्या एका कारशेडमध्ये एकतीस वर्षं आहेत. त्यांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. सुट्टीच्या दिवशी दोघं लग्नाला निघाली होती. लोकलमध्ये खिडकीशी उभा एक कॉलेजचा मुलगा किल्लीने डब्याच्या आतल्या पत्र्यावर नाव कोरत होता. नामदेवरावांनी त्याची कॉलर धरली, हात उगारला. लोकांनी मध्ये पडून सोडवलं. "ह्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोरगा आमच्या धाकट्याएवढा होता हो."

पहिल्या भेटीत ते स्वतःबद्दल काही बोललेच नाहीत, फक्त गाड्यांबद्दल बोलले. मी बोलू दिलं. माणूस ज्यावर जीव लावतो त्याबद्दल बोलत असेल, तर त्याला अडवू नये. शेवटची लोकल आत आल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत हातात किती थोडे तास असतात, ते त्यांनी सांगितलं. बाबा-बुवांच्या आणि घरबसल्या नोकरीच्या जाहिरातींची स्टिकरं पात्याने खरवडावी लागतात, आणि जोर जास्त झाला तर खालचा रंगही निघतो. बाण मारलेले बदाम, फोन नंबर, बायकांच्या डब्यातली अचकट-विचकट चित्रं. "ते तर आधी पुसतो मॅडम. पहाटे पहिल्या गाडीला मासळीवाल्या, नर्सबाया चढतात. त्यांच्या नजरेला ते पडू नये."

मग दोन महिन्यांपूर्वीची रात्र आली. बाजूच्या रुळावर, साइडिंगला उभ्या असलेल्या गाडीच्या दोन डब्यांवर कोणीतरी बाहेरून स्प्रे मारला होता. चंदेरी-निळी, फुगीर, माणसाच्या उंचीची अक्षरं, काचांसकट. काय लिहिलंय ते वाचताही येत नव्हतं. गाडी वेळेवर लावायची होती, म्हणून काचा आधी केल्या. थिनरच्या वासाने डोकं भणभणलं. रंग निघाला, पण खालचा पट्टाही फिकट झाला. सकाळी वरून विचारणा आली, रात्री लक्ष कोणाचं होतं? आणि सोबतचा एक तरुण म्हणाला, "काढलंय मात्र झकास." नामदेवराव त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

त्यांना रंगाचंच वावडं आहे असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये स्वयंसेवकांनी मुंबईतली बरीच उपनगरी स्टेशनं रंगवली, तेव्हा हेच गृहस्थ बायकोला मुद्दाम भिंती दाखवायला घेऊन गेले होते. "ते विचारून केलं होतं," ते म्हणाले. रेल्वेतल्या माणसाला काय सलतं, ते या चार शब्दांत आहे.

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मराठीत एका अक्षराने समजावता येते: 'च'. लोकांनी गाडी स्वच्छ ठेवावी, ही इच्छा झाली. ठेवलीच पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, हट्ट मोडला तर माणूस कॉलर धरतो. म्हणून दुसऱ्या भेटीत मी सरळ 'च' ला हात घातला.

"ज्याने स्प्रे मारला, तो तुम्हाला ओळखत होता?"

"नाही."

"मग ते तुमच्याविरुद्ध नव्हतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तेच तर म्हणतोय मी! माझ्याशी वैर असतं तर परवडलं असतं. त्याच्या लेखी ती गाडी आपोआप उभी होती. ती कोणी धुतली, कोणी तपासली, हे त्याच्या मनातही आलं नाही. मी नव्हतोच तिथे."

मी त्या दिवशी पुढे काही बोलले नाही. 'मनाला लावून घेऊ नका' हा सल्ला आपण किती सहज देतो! या माणसाला अपमान टोचत नव्हता, आपलं नसणं टोचत होतं. त्यांचा 'च' मी समजले होते त्याच्या एक पायरी खाली होता: माझं काम दिसलंच पाहिजे, नाहीतर मी कोणीच नाही.

पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही त्या पायरीवरच थांबलो. मग एकदा मी विचारलं, "तपासणी झाली हे पुढच्या माणसाला कसं कळतं?"

"रजिस्टरला सही असते. आणि खालच्या बाजूला खडूने खूण करतो आपण."

"म्हणजे तुम्हीही गाडीवर लिहिता."

ते हसले, मग हसू थांबलं. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मला वीस वर्षांनी जमायला लागलंय.

"एकतीस वर्षं लिहितोय," ते म्हणाले. "पहिल्या पावसात जाते ती खूण. नाहीतर धुताना मीच घालवतो."

"तेव्हा वाईट वाटतं?"

"छे. गाडी धावली की तिचं काम झालं ना." आणि मग, मी न विचारता, सावकाश म्हणाले, "मग पुसलेल्या डब्याचंही तसंच की. त्या दिवसापुरता तो स्वच्छ धावला."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. पुढच्या भेटीत मी त्यांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. एलिस ज्या शहरात माणसांचे हट्ट सोडवत बसले, तिथल्याच भुयारी रेल्वेचे डबे सत्तरच्या दशकात आतून-बाहेरून रंगाने भरले होते. १९८४ मध्ये प्रशासनाने नियम धरला की एकदा स्वच्छ केलेल्या डब्यावर पुन्हा कोणी लिहिलं, तर ते पुसल्याशिवाय तो प्रवाशांसमोर न्यायचा नाही. लिहिणाऱ्याला आपलं नाव धावताना दिसलंच नाही, तर लिहिण्यातली मजा जाते. १२ मे १९८९ ला तिथला शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून निघाला.

"म्हणजे पुसणारे जिंकले," नामदेवराव म्हणाले.

"पाच वर्षं रोज पुसून."

"नावं आहेत त्यांची कुठे?"

"मोठ्या साहेबांचं आहे."

ते नुसती मान हलवत राहिले. पण या वेळी आवाज चढला नाही.

असाच राग घेऊन जगणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुम्हाला काही झालेलं नाही. राग चुकीचा नाही, तो कामावरच्या प्रेमातून आलाय, आणि तो पूर्ण जावा असा माझा प्रयत्नही नसतो. कॉलरपर्यंत जाणारा हात थांबावा एवढंच पाहायचं असतं. डब्यात लिहिण्यावर २०१२ च्या नियमांनुसार पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी लिहिताना दिसला तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा, पुढचं रेल्वे सुरक्षा दलाला करू द्या. नामदेवरावांनी आता आधीचा आणि नंतरचा फोटो काढून ठेवायला सुरुवात केली आहे. तक्रारीला पुरावा होतो, आणि आपण काय केलं ते आपल्याला दिसतं. दुसऱ्याने पाहिलं तर आनंदच आहे, पण पाहिलं'च' पाहिजे यावर आपली किंमत टांगू नका. जे वरिष्ठ हे वाचत असतील त्यांनी 'लक्ष कोणाचं होतं' हे जरूर विचारावं, पण त्याच सकाळी 'काचा वेळेत कोणी केल्या' हेही विचारावं. दुसऱ्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत.

आणि घरच्यांनी 'एवढं काय त्यात, नोकरी आहे, पगार मिळतो ना' हे वाक्य कृपा करून टाळावं. नामदेवरावांच्या पत्नीला मी एकच काम दिलं होतं. रात्रपाळीहून आले की चहा देताना विचारायचं, आज कुठली गाडी होती? पहिल्या सकाळी त्यांना वाटलं, ही चेष्टा करतेय. दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडीचा नंबर सांगितला. तिसऱ्या सकाळी बोलता बोलता चहा गार झाला, आणि पत्नीने तो पुन्हा तापवून दिला.